वरून टाकलेला शंख

नाही, नाही — तिथी टेकू नका, याडी, माय माझी, भिंत ओली हाय. चुना मारला कालच. ओढणीले लागन, अन् एकदा लागला का निंघत नाही. इकडं फळीवर बसा. अजून आत सरका. अजून. रस्त्यावरून दिसले नाही पाह्यजे — म्हणजे ऊन हो, ऊन येते तिकडून, म्हणून म्हटलं. पाणी देऊ? नाही? चहा सांगू? नको, चहावाला आला का चार गोष्टी ऐकून जाते, राहू द्या चहा. हं. तं मी ऐकलं तुमचं. एकदा बोलल्या तुम्ही, पुरे झालं, पुन्हा बोलू नका, अन् हळू — नाही, तुम्ही हळूच बोलल्या, मीच मोठ्यानं बोलून राह्यलो, समजते मले. तुमचं म्हणणं एवढंच ना, का उद्या ऐतवार असूनही साहेबानं बोलावलं, तं अकरा वाजता या वाहिदनं तुमच्यासंग फारेस्टच्या हापिसात यावं अन् साहेबाले सांगावं का त्या पिशवीवरचा शंख रामीबाईनं समुद्रातून नाही आणला, माझ्या दुकानातून आणला. बस. एक वाक्य. वकिलानंही तेच सांगतलं म्हणता. वकिलाचं काय जाते! सात वर्षं जेल हाय त्या एका वाक्याची. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सात. मी विचारून आलो. कोणाले विचारलं ते सोडा.

अन् मले सांगा, पांढरकवड्यातून समुद्र किती लांब हाय? कोणत्याही बाजूनं निंघा, एक रात अन् एक दिवस लागते. तुम्ही पाह्यला समुद्र? तुमच्या मालकानं, देवसिंगभाऊनं पाह्यला? त्यानं तं सारी उमर जिनिंगमधे कापसाच्या गाठी उचलल्या, नागपूरच्या पुढं गेला नाही माणूस, अन् त्याले दोन दिवस बसवून विचारून राह्यले का बंदूक कुठी ठेवली! शंखातल्या गोगलगायीले बंदूक! माझे अब्बा हजले गेलते तं विमानातून पाह्यला त्याईनं, म्हणे खाली निळं निळं होतं, मंग झोप लागली. एवढाच आपला अन् समुद्राचा संबंध. पण तांडा म्हटलं का यांच्या डोक्यात शिकारच येते. पंजे शोधले ना तुमच्या घरात? कातडं शोधलं? काय सापडलं — लग्नाची चुंबळ. नातीच्या लग्नाची, घागरीखाली ठेवाची, कवड्याईची. तीच घेऊन गेले, पुडक्यात बांधून, वर लाख लावून. मले समजलं ते. सारं समजते मले इथी बसून.

हे सारं त्या पिशव्याईपासून झालं. नाही तं काय होतं आपलं? तुम्ही लग्नसराईत याच्या, पावशेर कवड्या, थोडे आरसे, लाल लोकर, अन् जाच्या. मंग कापसाचं असं झालं, टीव्हीच्या गाड्या आल्या, दिल्लीच्या, मुंबईच्या, कोणाच्या घरी मयत झाली का गाडी पहिले हजर, नातेवाईक मागून. त्याईच्या मागं मागं संस्था आल्या. वैष्णवीताई आली. चांगली पोरगी, मी वाईट नाही म्हणत तिले. म्हणे कापूस गेला तं गेला, तुमच्या हातात कला हाय, पिशव्या शिवा, मी मुंबईत विकीन. अन् विकल्या तिनं! खोटं कायले बोलू, माझं दुकानही त्यावरच जगलं. पावशेराचं पोतं झालं. पण तिनं एक काम केलं — प्रत्येक पिशवीले चिठ्ठी बांधली. फोटो, नाव, गाव. ‘ही पिशवी रामीबाई देवसिंग यांनी स्वतःच्या हातानं बनवली.’ तुम्ही किती खुश झालत्या! मले दाखवाले आणलती ती चिठ्ठी. आता पाहा गंमत — कापडवाल्याचं नाव नाही, संस्थेच्या मोठ्या साहेबाचं नाव नाही, पिशवी विकणाऱ्याचं नाव नाही, कवड्या देणाऱ्याचं नाव नाही. नाव कोणाचं? जिनं सुई चालवली तिचं. आरोपी तयार, फोटोसकट, पत्त्यासकट. अन् वैष्णवीताई कुठी हाय आता? फोन बंद. मीही लावून पाह्यला. तीन वेळा.

थांबा. — नाही, ट्रक होय. वणीचा कोळशाचा. काही नाही. आजकाल प्रत्येक गाडी मले फारेस्टची जीप वाटते. काय म्हणत होतो मी? हं, मुंबई. तिथी प्रदर्शनात कोणी प्रोफेसर आला, त्यानं पिशवी पाह्यली. बाकीचे लोक भरतकाम पाहून राह्यले, हा पाह्यते मधातला शंख. बोटाएवढा लांब, वर निमुळता, पांढऱ्यावर तांबूस जाळी, जशी कोणी बारीक सुईनं विणली. त्यानं पिशवी नाही घेतली, फोटो घेतला. तो फोटो कुठच्या कुठी गेला, मोठ्या हापिसातून छोट्या हापिसात, उतरत उतरत आपल्या तालुक्यात आला. अन् इथचा साहेब नवा, जवान, शिकून आलेला. आवाज चढवत नाही तो. मले आवाज चढवणारा परवडते, याडी, त्याले दोन शब्द उलटे देता येतात. हा हळू बोलते. त्यानं इथी, या काचेवर, पुस्तक उघडून ठेवलं अन् म्हणे, हे पाहा —

काय? हो. आलता. मंगळवारी. साऱ्याच दुकानाईत गेला तो, माझ्याकडंच नाही. सहज. पुस्तक दाखवलं अन् गेला. तुम्ही ऐका तं खरं काय म्हणे तो. म्हणे ही गोगलगाय होय, शंख म्हणजे तिचं घर. अन् हे घर दुनियेत सगळीकडं नाही सापडत. नकाशा होता त्या पुस्तकात, सारा समुद्र पांढरा, अन् एका ठिकाणी नखाएवढा रंग. म्हणे एवढ्याच पट्ट्यात राह्यते, खोल पाण्यात. जिवंत असली तं डंख मारते, माणूसही मरू शकते म्हणे. मेल्यावरही मारते, ते आता आपल्याले समजून राह्यलं. मी विचारलं, साहेब, किती उरल्या मंग? म्हणे माहीत नाही. पुस्तकातही तेच लिवलं होतं, माहिती अपुरी. कोणी मोजल्याच नाहीत! मी म्हटलं, वा साहेब, मोजल्याच नाहीत तं कमी हायेत हे कशावरून? माझा आवाज चढला तिथी, मी मान्य करतो. अन् तो तसाच हळू म्हणते, वाहिदभाई, मोजल्या नाहीत म्हणूनच. तुमच्या हाती आली ती शेवटची नव्हती, हे तुम्ही सांगू शकता काय?

आता मी काय सारा समुद्र मोजून आलो काय? तुम्ही सांगा. दोन हजार एकमधे कायद्यात आली म्हणे ही. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत ही. पहिल्या यादीत. वाघ, अन् त्याच्या बाजूले गोगलगाय. मले पहिले हसू आलं. मंग हसू नाही आलं. वाघ बरा हो, समोर आला तं समजते का वाघ होय, पळा. हे जनावर पोत्यात येते, कवड्याईच्या मधात, आवाज नाही, वास नाही, अन् आपण त्याले हातात घेऊन म्हणतो, व्वा, काय देखणं हाय. अन् वर्ग किती! साहेब सांगे — धोक्यात, जास्त धोक्यात, अगदी टोकाले आलेली, संपलेली, माहिती अपुरी — सहा-सात वर्ग हायेत गोगलगायीले. आपल्याकडं शेतकऱ्यानं जीव देला तं सरकारी मदतीले दोनच रकाने. पात्र, अपात्र. बाबाराव गेला आपल्या गल्लीतला, अपात्र. सातबारा बापाच्या नावानं होता म्हणे. मी हेच म्हटलं साहेबाले. म्हणजे — म्हणणार होतो. नाही म्हटलं.

असं पाहू नका. मले मालूम हाय तुम्ही काय विचारून राह्यल्या. तं ऐका, माझ्याकडं तसला शंख नव्हताच. मी साध्या कवड्या विकतो, नागपूरवरून येतात, छोट्या, पांढऱ्या, त्याईवर कायदा नाही. तो शंख वैष्णवीताईनंच आणला असन कुठून तरी, शहरातली बाई, समुद्रावर फिराले जातात ते लोक. हो का नाही? ... बरं. बरं, असन. असन माझ्याच दुकानातला एखादा. वरून टाकला असन. अब्बाची रीत होती ना, तांड्याची बाई कवड्या घेऊन निंघाली का गाठोडं बांधाच्या आधी वरून एक काहीतरी टाकाचं. कवडी नाही, काही वेगळं. घुंगरू, आरसा, शिंपला. अब्बा म्हणत, वजन दुकानाचं, वरचं तिच्या नशिबाचं. बाकी बाया भांडतात, दोन टाक म्हणतात, हाच नको तोच दे म्हणतात. तुम्ही कधी मांगितलं नाही. तीस वर्षांत नाही. गाठ मारून उठता. म्हणून तुमच्यासाठी मी चांगलं शोधाचो. त्या दिवशी पूर्ण हात घातला पोत्यात, कोपरापर्यंत, अन् सगळ्यात देखणा काढला. अन् तुमचीही रीत, देखणा असन तो मधात लावाचा, कोपऱ्यात नाही. लावला तुम्ही मधात. प्रोफेसराले दूरवरून दिसावा असा. सांगा आता, कोणाची चूक झाली यात? माझी? माया लावली ही चूक झाली? दुसऱ्या कोणाले बाकीच्यातला एखादा दिला असता तं —

बाकीचे म्हणजे? बाकीचे कुठचे? मी बाकीचे म्हटलं काय?

अकरा होते. तुमचा धरून बारा. घ्या, सांगतलं. ते नागपूरचं पोतं नव्हतंच. पिशव्याईले माल पुरेना, मी सरळ तिकडं दक्षिणेत फोन केला, समुद्रावरच्या एका व्यापाऱ्याले, त्यानं मिसळ माल पाठवला, स्वस्त. अन् फोनवर सांगतलं त्यानं, वाहिदभाई, त्यात काही नक्षीचे शंख हायेत, ते काचेत मांडू नका, ओळखीच्या गिऱ्हाईकालेच द्या. आता तुम्ही सांगा, असं कोणी सांगतलं तं माणसाले काय समजाले पाह्यजे? मले वाटलं, महाग असन म्हणून म्हणते. नाही... नाही, ते नाही वाटलं. मले समजलं होतं. कायदा कोणता ते नाही समजलं, पण काहीतरी हाय हे समजलं होतं. तरी टाकला तुमच्या गाठोड्यात. वाटलं, तांड्यावर जाईन, चुंबळीवर लागन, कोणाच्या बापाले दिसणार नाही. पिशवी मुंबईले जाईन हे ध्यानातच नाही आलं. खरंच नाही आलं, कसम खुदाची.

भिंतीकडं काय पाहून राह्यल्या? चुना होय. उन्हाळा लागला, दुकानात गरम होते, म्हणून... ना ईद, ना लग्न, अन् एकाच भिंतीले. हो, एकाच. तीन भिंती काळ्या अन् एक पांढरी. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, याडी. साहेब गेला अन् मी ते अकरा डब्यात टाकून ठेवले, दोन दिवस डबा घरात, मले जेवण जाईना. बायको, नाहिद, म्हणे नदीत टाका. नदीले पाणी कुठी हाय! विहिरीत टाका म्हणे. विहीर उपसतात आता उन्हाळ्यात, साऱ्या मोहल्ल्यासमोर वर आले असते. मंग काल जुम्म्याची नमाज होती, गल्ली खाली झाली, सारे मशिदीत, मी नाही गेलो. जन्मात पहिल्यांदा चुकवली मी जुम्म्याची नमाज. खलबत्ता घेतला, पोतं टाकलं वर आवाज दाबाले, अन् कुटले. एकेक. लवकर नाही फुटत ते. आंब्याच्या कोयीसारखे सटकतात. आठवा का नववा फुटला तेव्हा ते साहेबाचं वाक्य आलं डोक्यात, का ही शेवटची नव्हती हे तुम्ही सांगू शकता काय, अन् मी बत्ता खाली ठेवला. अन् नाहिद बाजूले बसून शंखाचं पीठ चाळून राह्यली होती, बारीक व्हावं म्हणून, अन् मी म्हटलं, नाहिद, आपण काय करून राह्यलो? ती म्हणे, जगून राह्यलो. कुटा. मंग चुन्यात कालवलं अन् इथी मारलं. म्हणून म्हटलं टेकू नका.

आता हे उद्या सांगता येते काय? मी आलो, म्हटलं माझा शंख होय, साहेब पहिले म्हणन बाकीचे दाखवा. काय दाखवू, भिंत? अन् पेपरवाले! तुम्हाले काय वाटते, पेपरात काय येईन? ‘वाहिद नावाचा मणी-कवड्याचा दुकानदार चुकला’ असं येईन? टोळी म्हणतील. आंतरराष्ट्रीय म्हणतील. माझ्या नावाले ते शब्द आपोआप चिकटतात, याडी, जसे तुमच्या तांड्याले शिकार चिकटते. तुम्ही बाई माणूस हा, म्हाताऱ्या हा, तुम्ही म्हणा मले माहीत नव्हतं, जज्ज दयेनं पाह्यन. तुम्हाले खरंच माहीत नव्हतं. मले नाही म्हणता येत तसं. तुमच्याजवळ खरं तं हाय. माझ्याजवळ तेही नाही.

तुम्ही म्हणाल कोणी तरी सांगावं लागते का हे कुठून आलं. बरोबर. कोणी नाही सांगतलं तं ते धरतील का तुम्हीच आणलं, तुम्हीच लपवलं. पण माझं ऐका, मी आलो तरी फायदा नाही. आता नाही. कारण — कसं सांगू — साहेब मंगळवारी नुसता पुस्तक दाखवून नाही गेला. त्यानं फोटो काढला खिशातून, तोच, चिठ्ठीवरचा, तुम्ही हसून राह्यल्या त्यात, अन् म्हणे हिले ओळखता का. एवढंच विचारलं. धमकावलं नाही, काही नाही. अन् माझ्या तोंडातून निंघालं, नाही. सुचलं नाही, निंघालं. त्यानं लिवून घेतलं, ‘मी रामीबाई नावाच्या कोणत्याही बाईस ओळखत नाही व तिने माझ्या दुकानातून कधीही खरेदी केलेली नाही.’ वाचून दाखवलं. मी सही केली. पेन त्याचं, हात माझा.

ओळखत नाही! अब्बा वारले तेव्हा तुम्ही तांड्यावरच्या सात-आठ बाया घेऊन आलत्या, दाराच्या बाहेर बसून तुमच्या बोलीत रडल्या. आमच्या लोकाईले एक शब्द समजला नाही, पण त्या रडण्यानं सारी गल्ली रडली. अन् मी लिवून दिलं, कोणत्याही बाईस ओळखत नाही. बोला ना काहीतरी. शिव्या द्या. तुमच्या बोलीत द्या, मले समजतात आता शिव्या. फळीवरून उठून एक ठेवून द्या. असं बसू नका, असं बसलं का माणसाले वाटते — ऐका, मी नाही म्हटलं नाही अजून. मी सकाळपर्यंत विचार करतो. बयान बदलता येते म्हणे. येते काय? वकिलाले विचारा, मी पहिले घाबरून बोललो असं म्हटलं तं चालते काय? साडेदहाले तुम्ही स्टँडवर उतराल ना, तिथी मी — मी म्हणत नाही का येतो, मी म्हणतो, आलो तं —

जीप.

जीप होय ही. आवाज ओळखतो मी. हळू झाली. थांबली. याडी, तोंडावर ओढणी घ्या. घ्या म्हणतो! अन् ते मणी पाहा, समोरचे, पाहून राह्यल्या असं दाखवा —

या, या साहेब! नमस्कार. बसा ना. खुर्ची देऊ? ... दोरा? खाकी दोरा? हो हो, आहे ना. बटण तुटलं वाटतं. हा घ्या, पक्का आहे, धुतला तरी रंग जाणार नाही. सुई आहे का तुमच्याकडे? सुईपण घ्या. ... नाही साहेब, ही बाई आत्ताच आली. मी ओळखत नाही हिला. तांड्यावरची कोणी असेल, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, कधी पाहिलेली नाही. ... हो, तुम्ही नाही विचारलं. मीच आपलं सांगितलं. ... छे छे, पैसे कसले, दोऱ्याचे काय पैसे. ठेवा. ... बाई, ऐकू येत नाही का? दहा वेळा सांगितलं, कवड्या नाहीत इथं. कधी ठेवल्याच नाहीत आम्ही. उठा, फळी मोकळी करा, साहेबांना बसू द्या. पुढच्या दुकानात विचारा.